एका रात्रीचं देऊळ

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सप्ताहाची मंडळी मला म्हणाली, बुवा, कीर्तन तुम्ही दरसाल करता, या वर्षी साधं बोला. दिंडीला शंभर वर्षं झाली, तरण्या पोरांना काही उपयोगाचं सांगा, आणि बोललात ते स्मरणिकेसाठी लिहून द्या. मी चौथी शिकलेला. बोलायचं काम सोपं, लिहायचं अवघड. म्हणून बोललो तसंच लिहिलं आहे. मागेपुढे झालं असेल तर पदरात घ्या.

विषय एकच धरला आहे. काम सावकाश, नीट करावं की झटपट उरकून मोकळं व्हावं? पोरं म्हणतील, बुवांना झेपत नाही म्हणून हा विषय. तसं नाही. मला हा विषय महागात पडलेला आहे. कसा, ते शेवटी सांगतो.

आपलं अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. महाशिवरात्रीला आपल्यातले किती तरी जण तिथे रांगेत उभे असतात. माझी आजी मला लहानपणी त्या देवळाची गोष्ट सांगायची. तुमच्याही आज्यांनी सांगितली असेल. पांडव वनवासात इकडे आले. रात्रीचा मुक्काम पडला. त्यांनी ठरवलं, एका रात्रीत महादेवाचं देऊळ उभं करायचं. काम सुरू झालं, देऊळ वर चढत गेलं, आणि शिखर पुरं व्हायच्या आत उजाडलं. पांडव तसेच काम टाकून निघून गेले. म्हणून गाभाऱ्यावरचं शिखर अपुरं.

लहानपणी मला त्यातलं ‘एका रात्रीत’ हेच आवडायचं. भीम काय आणि अर्जुन काय, केवढं त्यांचं बळ! आता साठी उलटल्यावर कळतं की आजीच्या गोष्टीतच उत्तर होतं. भीमाच्या हातात बळ कमी नव्हतं, धर्मराजाकडे अक्कल कमी नव्हती. कमी पडली ती रात्र. एका रात्रीत करायला गेले म्हणून माथा राहिला.

आता खरी हकिकत ऐका. त्या देवळाच्या उत्तरेकडच्या दारावर आतल्या अंगाला लेख कोरलेला आहे. त्यात शके ९८२ सांगितला आहे, म्हणजे इसवी सन १०६०. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहार राजांचं राज्य होतं. मुम्मुणी नावाचा राजा, लेखात त्याचं नाव माम्वाणि असं येतं. अभ्यासक मंडळी मानतात की काम त्याचा भाऊ छित्तराज याच्या वेळेला सुरू झालं. छित्तराजानंतर नागार्जुन आणि नागार्जुनानंतर मुम्मुणी, असे हे तीन भाऊ एकामागून एक गादीवर आले. म्हणजे बघा, एका भावाने हात घातला आणि तिसऱ्याच्या काळात तडीस गेलं. कुठे एक रात्र आणि कुठे तीन भावांच्या कारकिर्दी!

पुढच्या वेळी जाल तेव्हा नुसते दर्शन घेऊन परत फिरू नका. बाहेरून एक फेरा मारा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण आहे तो. विहीर खणलेल्या माणसाला विचारा तो किती चिवट. त्यावर नखाएवढे अलंकार कोरले आहेत. लाकडात चूक झाली तर पाचर मारता येते, मातीत झाली तर लिंपता येते. दगडाचं नाक उडालं की उडालं. मग त्या पाथरवटाने काय केलं असेल? घाव घालायच्या आधी बघितलं असेल. घाव कमी आणि बघणं जास्त. गाभारा तर वीसेक पायऱ्या उतरून खाली आहे. तिथे गारव्यात उभं राहिलं की वाटतं, हे काम करणाऱ्यांना कोणी ‘कधी देताय?’ असं विचारायला येत नसेल काय? येत असणारच. राजाचा माणूस येतच असणार. तरी त्यांनी हात बिघडू दिला नाही. म्हणून साडेनऊशेच्या वर पावसाळे खाऊन ते उभं आहे. आणि आपण दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर ताडपत्री घालतो.

बरं, देऊळ राहू द्या. आपण राजे नाही, पाथरवट नाही. आपल्या खाचरात या.

मी सतरा-अठरा वर्षांचा होतो. लावणीचे दिवस. आम्ही चार पोरांनी पैज लावली, कोणाचं खाचर आधी लावून होतं. बाबा शेजारच्या खाचरात आपल्या चालीने लावत होते. आवणाची मूठ सोडायची, दोन-तीन काड्यांचा चूड घ्यायचा, बोटाच्या पेराएवढा चिखलात टेकवायचा, मागे सरकायचं. मी काय केलं? पाच-सहा काड्या एकदम घेतल्या आणि अंगठ्याने खचाखच खोल खुपसल्या. दुपारी जेवायच्या वेळेला माझं खाचर झालं. बाबांचं दिवेलागणीला झालं. मी पैज जिंकलो. बाबा मला काही बोलले नाहीत.

महिन्याने बघितलं तर बाबांच्या खाचरातला चूड फुटून फुटून मुठीत मावेना. माझ्या खाचरातलं भात पिवळं, उंच आणि एकटं. पोरांनो, खोल गाडलेल्या रोपाची सगळी ताकद नुसती वर यायला जाते. फुटवे फुटायला उरतच नाही. आणि एका चुडात पाच-सहा काड्या असल्या की त्या एकमेकींच्याच तोंडचं खातात. झोडणीच्या वेळी बाबांनी माझ्या खाचराचे भारे मुद्दाम वेगळे ठेवले होते. खळ्यात मोजले. मग एवढंच म्हणाले, “तू लवकर घरी आलास, भात नाय आलं.” त्यानंतर मी चूड मोजून घ्यायला शिकलो.

पण यात आणखी एक गोम आहे. लावणी काय सावकाश करायचं काम आहे? नाही. पाऊस आपल्यासाठी थांबत नाही. रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की लावायलाच पाहिजे, जून झालं की फुटत नाही. मग बाबांना सावकाश लावायला वेळ कुठून मिळायचा? त्यांनी तो उन्हाळ्यातच काढून ठेवलेला असायचा. शेण, पालापाचोळा, कवळ पसरून राब वेळेवर भाजलेला. बांध बुजवलेले. नांगराचा फाळ शेवटून आणलेला. पावसाचा पहिला थेंब पडला की लोक विळे-दोर शोधत धावायचे, बाबा तंबाखू मळत बसायचे. लोक म्हणायचे, हा माणूस आळशी आहे. ज्याने वेळेवर सुरुवात केली त्याला घाई करावी लागत नाही. सावकाश काम आणि आळस, लांबून दोन्ही सारखे दिसतात. जवळ जाऊन बघावं लागतं.

आपली दिंडी आषाढीला न जाता कार्तिकीला आळंदीला का जाते, हे नव्या पोरांना ठाऊक नसेल. आषाढात आपण चिखलात असतो. कार्तिकात भात कापून घरात आलेलं असतं, मग कोकणी माणूस मोकळ्या मनाने चालू शकतो. आपल्या वाडवडिलांनी दिंडी सुरू करतानाही घाई केली नाही. कामाचा हंगाम कामाला दिला आणि नामाचा हंगाम नामाला.

आता कोणी म्हणेल, बुवा, नेहमी सावकाश कसं चालेल? पूर आला तर काय टाळ कुटत बसायचं? बरोबर विचारलंत. पुराची माहिती आपल्याला कोणी सांगायला नको. २६ जुलै २००५ आपल्यातला कोणी विसरलेला नाही. त्या दिवशी ज्याने पोर उचलून पळ काढला त्याने बरोबरच केलं.

पण २०१९ सालची गोष्ट आठवा. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्या बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, पाण्यात अडकली. आत हजाराच्या वर माणसं. बाहेर उल्हास नदी रुळावरून वाहते आहे. डब्यात लहान पोरं, म्हातारी माणसं, गरोदर बाया. रात्रभर तसेच. प्रत्येकाला वाटत असणार, उतरावं आणि पळावं. पण रेल्वेने बजावलं, गाडीतून उतरू नका. सकाळी बचावाची पथकं आली, नौदल आलं, आसपासच्या गावचे आपले लोक धावले. मग बोटीत थोडी थोडी माणसं घेऊन एकेक खेप सुरू झाली. दुपारपर्यंत सगळी माणसं सुखरूप बाहेर. एकही जीव गेला नाही. आता मला सांगा, तिथे घाई नव्हती काय? एवढी घाई आपल्याला जन्मात नसेल. पण घाईच्या कामातही बोटीत किती माणसं बसवायची, हे मोजून ठरवलं. सगळेच एका बोटीत चढले असते तर बोटही गेली असती. पाय लवकर उचलावा, पण टाकायचा तो बघूनच.

माझ्या अनुभवाने कामं दोन तऱ्हेची असतात. काही कामं चुकली तर परत करता येतात. भाजीत मीठ कमी पडलं, वरून घाला. टाळ चुकला, पुढच्या चरणाला सावरा. अशा कामात थोडी घाई झाली तर देव रागवत नाही. पण काही कामांना परत फिरणं नाही. उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कामावर आपल्या गावची पोरं जातात. त्यातला कापणारा कारागीर काय करतो ते त्यांना विचारा. कापडाचे थरावर थर रचतात आणि यंत्राने सगळे एकदम कापतात. एका ठिकाणी सुरी वाकडी गेली तर एक पँट नाही, थरातल्या सगळ्या पँटी वाया. म्हणून तो कापायला मिनिटं लावतो आणि थर जुळवायला, खुणा बघायला कितीतरी वेळ घालवतो. त्याला शिवणारे हाका मारत असतात, माल द्या, माल द्या. तो देत नाही.

याच तऱ्हेचं सगळ्यात मोठं काम आपल्या संप्रदायात एकनाथ महाराजांनी करून ठेवलं आहे. माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ मध्ये, नेवाशाला. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तेव्हा छापखाना नव्हता. ज्याला ग्रंथ पाहिजे त्याने हाताने उतरवून घ्यायचा. नऊ हजार ओव्या. उतरवणारा भाविक असला तरी माणूसच. डोळा लागतो, ओळ गळते, अवघड शब्द कळत नाही म्हणून सोपा घातला जातो. एखाद्याला स्फूर्ती येते, तो आपलीच ओवी मध्ये घुसवतो. पुढचा माणूस ती चूक माऊलींची म्हणून भक्तीने उतरवतो. अशी तीनशेच्या जवळ वर्षं गेली. एकाची घाई, आणि पुढच्या दहा पिढ्यांचा पाठ चुकीचा!

नाथबाबांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ ठरवला. शके १५०६ मध्ये, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला ते काम पुरं झालं. आजही आपण भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्याचीच आठवण. आता विचार करा. एकनाथी भागवत लिहिणारा हा माणूस. गळलेल्या ठिकाणी आपल्या पदरची ओवी रचून टाकायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? तोंडात होती त्यांच्या ओवी. पण त्यांनी तसं केलं नाही. माऊलींचा शब्द सापडेपर्यंत शोधला. आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. आपण आज पारायणाला बसतो, त्यामागे नाथांचा तो न कंटाळलेला डोळा आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. ही मी आजवर मंडळींपुढे बोललेलो नाही. शंभरावं वर्ष आहे, मनात ठेवून चालणार नाही.

बावीस वर्षांपूर्वी मुलीचं लग्न ठरलं होतं. पैसा पाहिजे होता. आपल्याकडे जमिनीला तेव्हा भाव यायला लागला होता. एक घेणारा आला. सडकेच्या अंगाचे अकरा गुंठे द्यायचे ठरले. तो दुपारी दोनला कागद घेऊन दारात आला. म्हणाला, बुवा, आज सह्या झाल्या तर आज पैसे, नाहीतर मी उद्या दुसरी जमीन बघतो. पाच वाजता कार्यालय बंद होतं. कागद आठ पानांचा. मुलगा आठवीत होता, शाळेत गेला होता. घरातून मंडळी म्हणाली, “अहो, पोरगा येऊ द्या, त्याला वाचू द्या एकदा.” मी म्हणालो, “तुला काय कळतं त्यातलं?” आणि गाडीत बसलो. जिथे बोट दाखवलं तिथे सही केली.

त्या कागदात एक ओळ होती की या जमिनीतून कोणाचीही वहिवाट नाही. मायबाप, आपली दिंडी देवळातून निघून कोणत्या वाटेने सडकेला लागायची? माझ्या त्याच अकरा गुंठ्यांच्या बांधावरून. माझ्या आज्याने ती वाट तोंडी दिलेली. त्याचा कागद कधी झाला नव्हता, कारण तेव्हा शब्द पुरत होता. पुढच्या पावसाळ्यात तिथे भिंत आली. त्या कार्तिकात दिंडी निघाली, भिंतीपाशी आली, आणि वीणेकरी काही न बोलता डावीकडे वळले. सगळी दिंडी वळली. बाया डोक्यावर तुळस घेऊन गाड्यांच्या रस्त्याने गेल्या. मला कोणी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घेणाऱ्याचा दोष किती आणि माझा किती, ते पांडुरंग जाणे. माझा किती तेवढं मला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी मी ज्ञानेश्वरी वाचायला बसलो होतो. एका ओवीचा अर्थ लागेना म्हणून तासभर तीच धरून होतो. त्याच दुपारी आठ पानं वाचायला मला वेळ नव्हता. नाथबाबांच्या नावाने कीर्तन करणारा मी, एका अक्षरासाठी पोथ्या ताडणाऱ्याचं गुणगान गाणारा मी, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची वाट मी तीन तासांत घालवली. एका रात्रीत देऊळ होत नाही, हे खरं. पण तो कागद एक रात्र माझ्या घरात राहिला असता तर वाट वाचली असती.

म्हणून पोरांनो, तुमच्याकडे आजही रोज कोणी ना कोणी कागद घेऊन येतो. जमिनीचा, कर्जाचा, भागीदारीचा. ‘आजच्या आज’ हा शब्द ऐकलात की तिथेच थांबा. खरा व्यवहार एका रात्रीने मरत नाही. कागद घरात ठेवा. सातबारा काढा, चतुःसीमा वाचा, वाट आणि विहीर कोणाकडे राहते ते बघा. शिकलेल्या पोराला वाचायला द्या, आणि घरच्या बाईलाही ऐकवा. ती काही म्हणाली तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका.

आता शेवटचं. माझं मागचं खाचर अजून माझ्याकडे आहे. त्याच्या बांधावरून देवळापासून नाल्याच्या पुलापर्यंत वाट निघते. जुन्या वाटेपेक्षा लांब पडते, पण बायांना गाड्यांतून चालावं लागणार नाही. ती वाट मी दिंडीला लिहून द्यायची ठरवली आहे. या वेळी मसुदा मुलाने वाचला, सुनेने वाचला. सुनेने दोन चुका काढल्या. मी चष्मा लावून बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचली. मग मंडळीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, “आता करा सही.” मोजणी झाली आहे, नोंद अजून व्हायची आहे. होईल. बावीस वर्षं थांबलो, आणखी थोडं थांबू.

दरसाल आपण बोरघाट चढतो तेव्हा वळणावर पाटी दिसते, ‘अति घाई संकटात नेई’. गाडीवाल्यांसाठी लावलेली आहे, पण आपण टाळ वाजवत पायी जाणारे ती वाचून हसतो, आपल्याला काय लागू? मला लागू होती. घाटात आपली दिंडी कशी चालते ते आठवा. तरणी पोरं झपाट्याने पुढे जातात, वळणावर जाऊन बसतात, आणि त्यांच्याच पायाला फोड येतात. मागची म्हातारी तुळस घेऊन एकेक पाऊल टाकत येते. वीणा तिच्यासाठी थांबते. शंभर वर्षांत आपली दिंडी आळंदीला सगळ्यांच्या आधी कधी पोहोचली नसेल. पण निघाली आणि पोहोचली नाही, असं कधी झालं नाही.

चुकलं असेल ते माझं, बरं वाटलं असेल ते संतांचं. वाट गेली त्याची माफी मंडळींनी मला द्यावी, एवढं मागतो आणि थांबतो.

रामकृष्ण हरी.